मातीची खोली, पुरलेला किलोमीटर आणि मागे सरकलेला माणूस

न्यूयॉर्कच्या सोहो भागात १४१ वूस्टर स्ट्रीट या पत्त्यावर खाली एक बेल आहे. ती दाबायची, दार उघडलं की जिना चढायचा. वर काय आहे ते डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. ओल्या मातीचा वास येतो. मग पांढऱ्या भिंतींची मोठी, लख्ख खोली दिसते आणि वाटेतच गुडघ्याएवढी काच आडवी येते. काचेपलीकडे माती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती काळी माती, वरून दाताळ्याने सारखी केलेली. आत पाय टाकायची सोय नाही. तिकीट नाही. फोटो काढायला मनाई. काचेशी उभं राहायचं, हवा तेवढा वेळ बघायचं आणि खाली उतरायचं.

या कलाकृतीचं नाव 'द न्यूयॉर्क अर्थ रूम'. वॉल्टर डी मारिया या अमेरिकन कलाकाराने १९७७ मध्ये ती केली. तीन महिन्यांच्या प्रदर्शनासाठी आणलेली माती आजही तिथेच आहे.

'यात कला कुठे आहे?' असं तुम्हाला वाटलं असेल, तर ते वाटणं अडाणीपणाचं नाही. बरेच जण ते जिन्यातच पुटपुटत असतील. अडचण अशी, की ज्याने याचं उत्तर द्यायचं तो माणूस बोलायलाच तयार नसे. डी मारियाच्या मुलाखती बोटांवर मोजण्याइतक्या. १९७२ मध्ये एका अभिलेखागारासाठी त्याने सविस्तर बोलणं केलं, ती त्यातली मोठी. फोटो थोडे. उद्घाटनं, सत्कार, चर्चा यांपासून तो चार हात लांब राहिला. संग्रहालयांशीही त्याचं फारसं सूत नव्हतं. अमेरिकेतल्या संग्रहालयात त्याचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं २०११ मध्ये, ह्यूस्टनच्या मेनिल कलेक्शनमध्ये. तेव्हा तो पंच्याहत्तरीत होता. दोन वर्षांनी तो गेला.

त्याच्याबद्दल लिहिताना 'गूढ', 'एकलकोंडा' ही विशेषणं ठरल्यासारखी येतात. मला ती अर्धवट वाटतात. तो माणूसघाणा नव्हता. तरुणपणी तो बँडमध्ये ड्रम वाजवायचा, त्याला मित्र होते, मिळून चालवलेलं एक कलादालन होतं. त्याने स्वतःला बाजूला केलं ते विचार करून. तुम्ही आणि ती वस्तू, यांच्यामध्ये दुसरं कुणी नको, अगदी कलाकारसुद्धा नको, असा त्याचा आग्रह होता. त्याची कामं बघताना हे धरून चाललं की बरंच कोडं सुटतं.

आधी दोन शब्द

'अवाँ-गार्द' हा मूळचा फ्रेंच लष्करातला शब्द. सैन्याच्या पुढे जाणारी तुकडी, आपल्याकडची बिनीची फळी. कलेत तो वापरतात तो रूढ वाट सोडून पुढची जमीन चाचपणाऱ्यांसाठी. बिनीवरच्यांचं नेहमी होतं तेच त्यांचंही होतं. मागच्यांना बराच वेळ कळत नाही, की हे पुढे गेलेत की चुकलेत.

दुसरा शब्द 'मांडणशिल्प'. नेहमीचं शिल्प आपण बाहेरून बघतो, त्याच्याभोवती फिरतो. ते उचलून दुसऱ्या दालनात नेलं तरी शिल्प तेच राहतं. मांडणशिल्पात जागा हाच कलाकृतीचा भाग असतो. खोली, तिच्यातला उजेड, वास, आवाज, आपण कुठून आत आलो, किती वेळ थांबलो, हे सगळं त्यात धरलेलं असतं. वूस्टर स्ट्रीटची माती ट्रकमध्ये भरून मैदानात ओतली तर तो मातीचा ढिगारा होईल. शहराच्या मधोमध, जिना चढून गेल्यावर, पांढऱ्या भिंतींत ती दिसते म्हणून पाय थबकतात.

हेच मांडणं खोलीबाहेर उघड्या जमिनीवर, वाळवंटात गेलं की त्याला 'लँड आर्ट' म्हणतात. डी मारिया दोन्हीकडे वावरला.

निरर्थक कामाची पेटी

जन्म १ ऑक्टोबर १९३५, कॅलिफोर्नियातल्या ऑल्बनी गावी. शिक्षण जवळच बर्कलीच्या विद्यापीठात, आधी इतिहास आणि मग कला. लहानपणापासून तालवाद्यांचा नाद. बर्कलीच्या दिवसांत ला माँट यंग या संगीतकाराशी मैत्री झाली. एकच स्वर तासन्‌तास लांबवणारा हा माणूस, त्याच्या सहवासात 'कंटाळा' या गोष्टीकडे बघायची नजर बदलली नसती तरच नवल. १९६० मध्ये डी मारिया न्यूयॉर्कला आला.

त्याच वर्षी त्याने एक छोटं टिपण लिहिलं, निरर्थक कामाबद्दल. ज्यातून पैसा मिळत नाही आणि कुठलाही हेतू साधत नाही असं काम करावं, तीच आजची सर्वांत महत्त्वाची कला आहे, असं त्यात म्हटलं होतं. उदाहरणं अगदी साधी: लाकडी ठोकळे एका पेटीतून दुसऱ्या पेटीत टाकायचे, मग परत पहिलीत. खड्डा खणायचा आणि बुजवायचा. लगेच १९६१ मध्ये त्याने खरोखरच तशा दोन पेट्या केल्या. वस्तू इकडून तिकडे करत राहा, आणि आपण करतो आहोत ते निरर्थक आहे याचं भान ठेवा, अशी सूचना वर लिहिलेली.

थट्टा वाटते ना? थोडी आहेच. पण एक ठोकळा उचलून बघा. हेतू नसला की हात काय करतोय ते पहिल्यांदाच दिसायला लागतं. ठोकळ्याचं वजन, लाकडाचा आवाज, आपली वाढत जाणारी अस्वस्थता. एरवी 'काम उरकायचं' या घाईत हे सगळं झाकलेलं असतं. त्याच वर्षीचं 'बॉल ड्रॉप' असंच: माणसाहून उंच लाकडी खोकं, वर एक भोक, खाली एक. वरून चेंडू टाकायचा. मधल्या क्षणात तो दिसत नाही, फक्त आवाज येतो. मग खाली सापडतो. पुढच्या पन्नास वर्षांचं सगळं काम या न दिसणाऱ्या मधल्या क्षणात दडलेलं आहे असं मला वाटतं.

वाटेत एक गंमत. १९६४-६५ च्या सुमारास 'द प्रिमिटिव्ह्ज' नावाच्या बँडमध्ये तो काही काळ ड्रम वाजवत होता. सोबत होते लू रीड आणि जॉन केल. पुढे या दोघांनी 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' हा गाजलेला बँड काढला. डी मारियाने मात्र ती वाट सोडली. रोज तालमी, रोज मंच हे आपलं नव्हे, असं त्याने ठरवलं असावं. ड्रमचा नाद सुटला नाही. रातकिड्यांच्या आणि समुद्राच्या आवाजात ड्रम मिसळून त्याने दोन ध्वनिमुद्रणं केली, पहिलं १९६४ चं, दुसरं १९६८ चं.

१९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात त्याने खडूच्या दोन समांतर रेघा मारल्या. दोन्हींत अंतर १२ फूट, लांबी एक मैल. वाऱ्याने त्या पुसल्या जाणार हे उघडच होतं. गेल्याही. उरला तो फोटो. त्यात रेघांच्या मध्ये एक माणूस अंग पसरून पडलेला दिसतो, तो डी मारिया. चेहरा दिसत नाही. पुढच्या वर्षी नेवाडात त्याने बुलडोझरने जमिनीवर चर मारले, दोन एकेक मैलाचे आणि दोन अर्ध्या मैलाचे. उभ्याने पाहिलं तर काहीच कळत नाही. चालत गेल्याशिवाय ते चित्र मनात उभं राहत नाही, आणि चालायला काही तास लागतात. आता तेही जवळजवळ मिटलं आहे.

१२७ टन आणि दाताळं

मातीची कल्पना मात्र टिकली. १९६८ मध्येच म्युनिकमध्ये हाइनर फ्रीडरिश या दालनमालकाकडे त्याने ५० घनमीटर माती भरून पहिली खोली केली. प्रदर्शन संपलं, माती गेली. १९७४ मध्ये जर्मनीतच डार्मश्टाटला दुसरी. तीही गेली. तिसरी न्यूयॉर्कची, फ्रीडरिशच्याच दालनात. हीच राहिली.

आकडे बघा. क्षेत्रफळ सुमारे ३३५ चौरस मीटर. माती १९७ घनमीटर. वजन १२७ टनांहून थोडं जास्त. भागाकार केला तर प्रत्येक चौरस मीटर फरशीवर सुमारे ३८० किलो. म्हणजे एक पियानो समजा, आणि अख्ख्या मजल्यावर पियानोला पियानो चिकटवून ठेवल्यासारखं. इमारत जुनी, मजबूत बांध्याची म्हणून हे चाललं.

आणि ही माती मेलेली नाही, हे सांगायला हवं. ती सुकते, तडकते, म्हणून तिच्यावर पाणी मारावं लागतं. पाणी मारलं की दबते, म्हणून दाताळं फिरवावं लागतं. ओल असल्यावर कोंब फुटणारच. ते उपटावे लागतात. मधूनच छत्र्या, म्हणजे अळंब्या, उगवतात. अनेक दशकं एकाच राखणदाराने हे काम केलं. आठवड्यामागून आठवडे पाणी, दाताळं, निंदणी. ज्यातून पीक घ्यायचंच नाही अशी शेती. १९६० च्या टिपणातलं निरर्थक काम शब्दशः इथे चालू आहे, आणि मला वाटतं खोलीपेक्षाही ही राखण हीच खरी कलाकृती असावी. अर्थात डी मारियाने असं कुठे म्हटल्याचं मला आठवत नाही. तो माती बघा म्हणायचा, बस्स.

सोहोत त्या काळी रिकाम्या गोदामांत कलाकार राहत. नंतर तिथे जागांचे भाव आभाळाला भिडले. भोवतीची दालनं गेली, महागडी दुकानं आली. जमिनीचा भाव चढत गेला तसा, फक्त जमीनच ठेवलेल्या त्या मजल्याचा विनोद अधिकाधिक खोल होत गेला. हा अर्थ १९७७ मध्ये कुणी ठेवला नव्हता. काळाने तो आणून ठेवला.

एकच किलोमीटर, दोन तऱ्हांनी

त्याच १९७७ साली जर्मनीतल्या कासेल शहरात 'डॉक्युमेंटा' हे मोठं कलाप्रदर्शन भरलं होतं. डी मारियाच्या 'द व्हर्टिकल अर्थ किलोमीटर' या कामासाठी शहराच्या मध्यवर्ती चौकात, फ्रीडरिशप्लाट्झवर, बोअरिंगचं यंत्र उभं राहिलं आणि ७९ दिवस जमीन भोकत राहिलं. सहा भूस्तर पार करून एक किलोमीटर खोल भोक पाडलं. त्यात ५ सेंटिमीटर जाडीचा पितळी गज, तुकडे एकमेकांत पिळून जोडत जोडत, एक किलोमीटर खाली उतरवला. वर लाल वालुकाश्माची दोन मीटर चौरस फरशी बसवली. फरशीच्या मध्यभागी गजाचं टोक जमिनीच्या पातळीला येतं. तेवढंच दिसतं: कपाच्या तळाएवढी पितळी चकती.

शहरात बोंबाबोंब झाली. एवढा खर्च, एवढी खडखड, आणि दिसतं काय तर नाणं! खर्च खासगी होता, पण राग काही पैशापुरता नव्हता. फसवल्याची भावना होती. खाली गज आहे हे कशावरून? पाच मीटरवर संपवला असेल तर कुणाला कळणार?

खरं तर त्या कामाचा गाभा याच प्रश्नात आहे. चकतीवर नजर ठेवून मनाने खाली उतरायला लागा. शंभर मीटर. दोनशे. माती संपली, खडक लागला. पाचशे. आपली कल्पनाशक्ती कुठे दमते ते कळतं. गज समोर उभा केला असता तर एका नजरेत 'अबब' म्हणून आपण पुढे निघालो असतो.

दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याने याच गजाची उलटी बाजू दाखवली. न्यूयॉर्कच्या ३९३ वेस्ट ब्रॉडवेवरच्या 'द ब्रोकन किलोमीटर' मध्ये तितक्याच जाडीचे पितळी गज, प्रत्येकी दोन मीटर लांब, एकूण ५००. दोन गुणिले पाचशे, म्हणजे पुन्हा एक किलोमीटर. शंभर-शंभर गजांच्या पाच रांगा जमिनीवर झळकत पसरलेल्या आहेत. इथे सगळंच दिसतं, झाकलेलं काही नाही.

निदान तसं वाटतं. कारण डोळ्यांचा एक नियम आहे: लांबच्या गोष्टी एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. रेल्वेचे रूळ दूरवर मिळतात तसे. गज समान अंतरावर ठेवले असते तर मागचे एकात एक मिसळून पितळेचा पट्टा झाला असता. म्हणून डी मारियाने प्रत्येक पुढचं अंतर ५ मिलिमीटरने वाढवलं. पहिल्या दोन गजांमध्ये ८० मिलिमीटर, शेवटच्या दोहोंमध्ये ५७०. सातपट! पण दारात उभं राहून बघणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. मागच्या रांगाही त्याला नीट मोजलेल्या, सुट्या वाटतात. सगळं उघड्यावर ठेवूनही त्याने हिशेब लपवला, तोही नजरेच्याच आत. मला त्याच्या सगळ्या कामांत हे सर्वांत हुशारीचं वाटतं, आणि लोक याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष देतात.

या सगळ्याला पैसा कुठून आला? फ्रीडरिश, फिलिपा द मेनिल आणि हेलन विंक्लर यांनी १९७४ मध्ये डिया आर्ट फाउंडेशन काढलं. फिलिपा श्लुमबर्जे या तेलक्षेत्रातल्या बड्या कंपनीच्या घराण्यातली. मोजक्या कलाकारांना हवा तेवढा पैसा आणि हवा तेवढा वेळ द्यायचा, ही डियाची रीत. १९८० च्या दशकात तेलाचे भाव पडले, शेअर घसरले, डियाची तारांबळ उडाली, फ्रीडरिशला पायउतार व्हावं लागलं. कलाकृती मात्र संस्थेने सांभाळल्या. हा भाग सांगितल्याशिवाय गोष्ट खोटी होईल. प्रसिद्धीकडे पाठ फिरवणं परवडायला कुणीतरी भाडं भरणारा मागे असावा लागतो.

विजेचं शेत

आता ज्याच्यामुळे डी मारियाचं नाव झालं ते काम. 'द लाइटनिंग फील्ड', १९७७. तीन मोठी कामं एकाच वर्षी, हे वर्षही जरा अजबच.

जागा शोधायला पाच वर्षं लागली. ट्रक घेऊन कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, ॲरिझोना, टेक्सास, न्यू मेक्सिको पालथं घातलं. तीन गोष्टी हव्या होत्या: सपाट जमीन, भरपूर विजा आणि एकांत. मध्ये १९७४ मध्ये उत्तर ॲरिझोनात ३५ खांबांचा छोटा नमुना उभारून पाहिला. शेवटी न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागात, क्वेमाडो गावापलीकडे, समुद्रसपाटीपासून ७,२०० फुटांवरचं पठार पक्कं झालं.

तिथे स्टेनलेस स्टीलचे ४०० खांब आहेत. प्रत्येक दोन इंच जाडीचा, टोकाला निमुळता. पूर्व-पश्चिम रांगेत २५, उत्तर-दक्षिण रांगेत १६. दोन खांबांत २२० फूट. आता हिशेब करा: २५ खांबांत २४ अंतरं, २४ गुणिले २२० म्हणजे ५,२८० फूट, बरोबर एक मैल. १६ खांबांत १५ अंतरं, म्हणजे ३,३०० फूट, एक किलोमीटर आणि वर जेमतेम सहा मीटर. एक बाजू मैलाची, दुसरी किलोमीटरची! मोजमापाच्या दोन परंपरा त्याने एकाच आयतात बसवल्या. उभं राहून हे कळत नाही. चालून कळतं. पूर्ण कडेने फेरी मारायला सुमारे दोन तास लागतात.

पठार दिसतं सपाट, पण आहे लाटालाटांचं. सगळे खांब सारख्या उंचीचे केले असते तर टोकंही वरखाली झाली असती. म्हणून आधी प्रत्येक जागेची उंची मोजली आणि मग त्या त्या खांबाची लांबी ठरवली. सर्वांत आखूड १५ फूट, सर्वांत उंच २६ फूट ९ इंच. परिणाम असा, की चारशेच्या चारशे टोकं एकाच पातळीत येतात. वर एक प्रचंड काच ठेवली तर ती सगळ्या टोकांवर अलगद टेकेल, अशी उपमा डी मारियाने स्वतःच दिली आहे. प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा पाया आहे, पण तो जमिनीच्या एक फूट खाली. वर गवत. खांब जणू मातीतून उगवलेत. झाकलेला हिशेब इथेही आहेच.

आणि वीज? इथे बहुतेकांची फसगत होते. नावामुळे आणि तिथल्या विजांच्या प्रसिद्ध फोटोंमुळे वाटतं, की खांबांवर सारख्या विजा कोसळत असतील. तसं नाही. वर्षातले सुमारे ६० दिवस त्या भागात गडगडाट आणि विजा दिसतात, पण खांबावर वीज पडणं विरळा.

कारण समजून घेण्यासारखं आहे. उंच धातू विजेला 'ओढतो' असं आपण ऐकत आलो. पण ढगातून निघालेली वीज एकदम खाली येत नाही. विद्युतभाराची एक वाट टप्प्याटप्प्याने, अडखळत, फाटे फोडत उतरते. ढग एक-दोन किलोमीटर वर. तिथून येणाऱ्या वाटेला २० फुटांचा खांब म्हणजे गालिच्यावरची टाचणी. वाट जमिनीच्या अगदी जवळ, पन्नास-शंभर मीटरांवर, आली की मग खालच्या टोकदार वस्तूंमधून उलट ठिणग्या वर झेपावतात. ज्या ठिणगीशी गाठ पडते तिथे वीज पडते. म्हणजे खांब विजेला बोलावत नाही. ती दारात आलीच तर फक्त आत घेतो. कधी कधी मात्र हवेत भार खूप साठला, की वीज न पडताही टोकांवर निळसर झळाळी दिसते. खलाशांना जहाजाच्या डोलकाठीवर दिसायची तीच. तीही क्वचितच.

डी मारियाने १९८० मध्ये या कामाबद्दल काही पानं प्रसिद्ध केली. बोलायला नाखूश माणसाने लिहिलं तेही यादीसारखं: लांबी, रुंदी, वजन, वाऱ्याचा वेग. मधूनच एखादं तोडलेलं वाक्य. 'जे अदृश्य आहे ते खरं आहे.' 'एकांत हा लँड आर्टचा गाभा आहे.' आणि सगळी तथ्यं एकत्र केली तरी कलाकृती होत नाही, असंही तिथेच. आकड्यांचा डोंगर रचून त्यावर बसूनच त्याने सांगितलं, की यात काही नाही. त्याच पानांत वीज आणि प्रकाश सारखेच महत्त्वाचे असल्याचं तो म्हणतो, पण भेट देणारे ते वाचत नाहीत. ते आभाळाकडे बघत बसतात.

बघण्याच्या अटीही त्याच्याच. एकट्याने, किंवा फार थोड्या लोकांबरोबर, निदान २४ तास. त्यामुळे तिथे मुक्कामच करावा लागतो. मे ते ऑक्टोबर, एका वेळी जास्तीत जास्त सहा जण. आपली गाडी क्वेमाडोत ठेवायची. संस्थेची गाडी कच्च्या रस्त्याने तुम्हाला शेताच्या कडेच्या जुन्या लाकडी घरात सोडते आणि निघून जाते. फोटो काढायचा नाही. यावर टीका झालीच. १९८१ मध्ये समीक्षक जॉन बियर्डस्ली याने, ही कला बघणाऱ्यावर हुकूमत गाजवते, असा ठपका ठेवला. कसं यायचं, किती थांबायचं, कोणती चित्रं बाहेर जायची, सगळं कलाकार आणि संस्था ठरवणार. टीकेत तथ्य आहे. विजेचे ते देखणे फोटो संस्थेनेच काढून घेतले आणि जगभर फिरवले, बाकीच्यांना मात्र मनाई. 'ओसाड, रिकामी जमीन' या शब्दांवरही माझा विश्वास नाही. त्या पठारावर माणसं पूर्वापार वावरली आहेत. मुक्कामाचं लाकडी घरच एका वसाहतकऱ्याचं आहे.

तरी त्याच्या अटींमागचा हिशेब मला पटतो. तिथे पूर्ण दिवस-रात्र काढल्यावर तो कळतो.

दुपारी पोचलात तर पहिल्यांदा निराशाच होते. उन्हं डोक्यावर असताना सत्तर ते नव्वद टक्के खांब दिसतच नाहीत. जवळचे चार-पाच, पलीकडे नुसतं गवत. चारशे खांब कुठे आहेत असं वाटतं. दिवस कलायला लागतो तशी उन्हं तिरपी होतात आणि एकेक खांब उजळायला लागतो. आधी मागची रांग, मग तिच्या मागची. सूर्यास्ताच्या वेळी अख्खा मैल पेटल्यासारखा होतो. काही मिनिटांत सगळं विझतं. रात्र. पहाटे हाच खेळ उलट्या बाजूने: पूर्वेचा उजेड, मैलभर लखलखाट. मग सूर्य चढत जातो, लांबच्या रांगा पुसट होतात, त्याअलीकडच्या जातात. न्यायला गाडी येते तेव्हा दाराजवळचे थोडे खांब तेवढे उरलेले असतात.